सुपरस्टोअरमधली दोनशे डॉलरची माउंटन बाइक: टेम्पीतल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अ‍ॅरिझोनातल्या टेम्पीचं, फिनिक्सला लागून असलेल्या गावाचं आहे. ज्याचं आहे तो नाशिकचा, एमएस करायला आलेला. त्याला विचारूनच लिहितोय पण नाव देत नाही, 'विद्यार्थी' एवढं पुरे. दुकानाचं नावही टाळलंय, कारण किराणा, कपडे, टीव्ही आणि सायकली एकाच छपराखाली विकणाऱ्या ज्या मोठ्या साखळ्या आहेत त्या सगळ्यांकडे थोड्याफार फरकाने हाच माल मिळतो. माझा संबंध एवढाच की मी सुट्टीच्या दिवशी इथल्या एका सामुदायिक सायकल वर्कशॉपमध्ये मदतीला जातो, तिथे स्टँड आणि पाने वापरायला मिळतात, काम मात्र ज्याचं त्याने करायचं, आणि हा पोरगा एके दिवशी सायकल ढकलत तिथे येऊन पोचला.

नाशिकचा म्हटल्यावर सायकलचं वेड ओघाने आलंच. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका (अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत) पूर्ण केली, ती रेस कॅलिफोर्नियात ओशनसाइडला सुरू होऊन अ‍ॅरिझोनातूनच पुढे जाते, आणि हा तेव्हा शाळेत होता. अमेरिकेत गेलो की सायकल घ्यायची हे त्याने विमानात बसायच्या आधीच ठरवलेलं.

ऑगस्टमध्ये आला. कॅम्पसपासून साधारण चार किलोमीटरवर चौघांत भाड्याचं घर, आणि दोन-तीन आठवड्यांत कॅम्पसवरच्या मेसमध्ये रात्रीच्या शिफ्टचं काम मिळालं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, त्यामुळे पैसे किती येणार याला वरची मर्यादा ठरलेली, त्यात सोशल सिक्युरिटी नंबर येऊन पहिला पगार हातात पडेपर्यंत महिना गेला. तोवर सगळं शैक्षणिक कर्जातून.

नेमकी अडचण काय होती

टेम्पीत ऑर्बिट नावाची फुकट बस आहे, वस्त्यांमधून फिरते, दिवसा झकास काम होतं. भर दुपारी सायकल चालवायचा विषयच नव्हता. फिनिक्स परिसरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे आपले ४३ अंश, किंवा त्याच्याही वर होता, यावरून अंदाज घ्या. अडचण रात्रीची होती. शिफ्ट संपायची साडेअकराला, भांडी-ओटे आवरून निघेपर्यंत बारा, त्या वेळेला ऑर्बिट नाही, रोज टॅक्सी बोलवायची तर अर्धा पगार त्यातच, आणि चालायचं तर पाऊण तास.

म्हणजे गरज होती ती सपाट डांबरी रस्त्यावर रोज चार किलोमीटर जायची आणि चार यायची. एवढीच. पण मनात दुसरं होतं, साउथ माउंटन. फिनिक्सच्या दक्षिणेला महापालिकेचं हे डोंगराळ पार्क आहे, सोळा हजार एकरांहून मोठं, टेम्पीच्या बाजूने पिमा कॅन्यनमधून आत शिरता येतं आणि आत मैलोन् मैल सायकलच्या पायवाटा. सीनिअर लोकांचे फोटो त्याने नाशिकमध्ये असतानाच बघितलेले. हे दोन हेतू एकाच सायकलवर लादले गेले आणि पुढचं बहुतेक सगळं त्यातून आलं.

समोर असलेले पर्याय

सायकलच्या दुकानातली नवी, साधी पण खरी माउंटन बाइक: सहाशे डॉलरच्या पुढे. पहिल्या महिन्यात अशक्य, हा पर्याय बघून सोडून दिला.

सेकंडहँड: दीडशे-दोनशे डॉलरमध्ये दहा-पंधरा वर्षं जुनी, सव्वीस इंची चाकांची, चांगल्या कंपनीची हार्डटेल (फक्त पुढे शॉकअप असलेली माउंटन बाइक) मिळू शकत होती. पण बघायला जायला गाडी नाही, स्वतःच्या उंचीला फ्रेमचा साइज कुठला लागतो ते माहीत नाही, आणि मुख्य म्हणजे वडील. व्हॉट्सॲप कॉलवर बाबांनी स्पष्ट सांगितलं, "जुनी नको. उद्या चोरीची निघाली तर पोलीस, मग व्हिसाचं लचांड. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील पण पावतीची घे." आता हे ऐकायला अति वाटतं पण कॉलेजगावात सायकली चोरीला जातात आणि त्याच ऑनलाइन विकायला येतात हे खरंच आहे. परक्या देशात आलेल्या पोराच्या बापाने असं म्हणणं मला तरी चुकीचं वाटत नाही.

सुपरस्टोअर: साधारण १९८ डॉलरला 'माउंटन बाइक'. पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर, जाडजूड टायर, काळ्यावर हिरवे पट्टे. आणि तिच्याच शेजारच्या स्टँडवर दीडशेच्या आसपास एक साधी सायकल, पुढचं चाक धरणारा चिमटा शॉकअपविना, सरळ दांड्याचा, रबरी ब्रेक, सात गिअर, मडगार्ड. ही त्याने हात लावूनही बघितली नाही. नंतर कारण विचारलं तर म्हणाला, "दादा, ती आजोबांची वाटत होती."

या ठिकाणी जरा थांबतो, कारण माझ्या मते निर्णय खरा इथे झाला. दोनशे डॉलरमध्ये फ्रेम, चाकं, बेअरिंगं, ब्रेक, गिअर, जहाजाचं भाडं आणि दुकानाचा नफा एवढं सगळं बसवायचं असतं. त्यातच शॉकअप आणि डिस्कही बसवायचे म्हटल्यावर पैसे कुठून तरी काढावे लागतात, आणि ते निघतात हबमधून (चाकाच्या मधल्या गाभ्यातून), बेअरिंगच्या ग्रीसमधून, रिममधून, क्रँकच्या (पेडल बसतं त्या दांड्याच्या) धातूतून, म्हणजे जे दुकानात उभं राहून दिसत नाही त्यातून. त्या किमतीचा शॉकअप म्हणजे नळीत एक स्प्रिंग, डँपिंग, म्हणजे उसळी आवरणं, जवळजवळ शून्य, खड्ड्यात गेली की खाली बसते आणि तेवढ्याच जोरात वर उसळते. वजन मात्र पुरेपूर, अख्खी सायकल सतरा-अठरा किलोची. साध्या चिमट्याच्या सायकलला त्याच पैशात बिघडायला कमी वस्तू असतात.

ब्रँडच्या नावावरूनही काही कळत नाही. श्विनचंच घ्या, अमेरिकेतलं जुनं आणि मानाचं नाव, शिकागोचं, १८९५ पासूनचं. २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, पॅसिफिक सायकलने नाव विकत घेतलं आणि तेच नाव मोठ्या दुकानांच्या रॅकवर आलं. विद्यार्थ्याने घेतलेली सायकल त्या नावाची नव्हती, पण त्याच्या रूममेटने "अरे, निदान ब्रँडेड तरी घे" म्हणून जो आग्रह धरला होता त्याला हे उत्तर.

काय घेतलं आणि कसं घेतलं

घेतली ती १९८ वालीच, टॅक्स धरून २१४ डॉलर. खोक्यातली न घेता दुकानात जोडून उभी केलेली घेतली, का तर आपल्याला जोडता येत नाही. जागेवरच चालवून बघितली, म्हणजे खेळण्यांच्या विभागापासून टायरच्या विभागापर्यंत, आणि तशीच चालवत घरी आणली.

नाशिकमध्ये सायकल घेतली की दुकानदार आपल्यासमोर ती खोलतो, सगळे नट आवळतो, ब्रेक लावून देतो, चाकाचा आऊट काढतो, सीट आपल्या मापाला आणतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घेऊन या म्हणून सांगतो, आले नाही तरी रस्त्यात दिसल्यावर ओरडतो. इथे ते कुणी करत नाही. जो माणूस सायकल जोडतो तो दिवसाला ढिगाने जोडतो आणि त्याला एका सायकलीमागे किती वेळ मिळत असेल ते सायकलकडे बघून कळतं. मी नंतर त्याच्याबरोबर ब्रेक पॅड घ्यायला त्याच दुकानात गेलो होतो तेव्हा रॅकवर एका सायकलचा पुढचा चिमटाच उलटा बसवलेला होता. ओळखायला सोपं आहे, डिस्क ब्रेकचं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सायकलवर बसल्यावर डाव्या हाताला पाहिजे, उजवीकडे दिसलं की चिमटा मागचा पुढे झालाय. अशी सायकल चालते, वळते, फक्त वळणावर विचित्र वागते आणि पाय चाकाला लागतो.

विद्यार्थ्याच्या सायकलचा चिमटा सरळ होता. पण फ्रेमच्या खालच्या दांड्यावर एक छोटं स्टिकर होतं ते त्याने बघितलं नाही, खरं सांगायचं तर कुणीच बघत नाही. त्यावर आकडा होता २. अमेरिकेत एएसटीएम एफ२०४३ म्हणून वर्गवारी आहे, सायकल कुठल्या वापरासाठी केलीय त्याचे आकडे. १ म्हणजे डांबरी रस्ता. २ म्हणजे त्यात खडी आणि साधे कच्चे रस्ते, चाक उचललं गेलं तरी १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडू नये. ३ म्हणजे खडबडीत पायवाटा, ६१ सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे 'माउंटन' हा शब्द दांड्यावर मोठ्ठ्या अक्षरात आणि डोंगरावर नेऊ नका हे त्याच दांड्याच्या खाली बारीक आकड्यात. मॅन्युअलमध्येही तेच लिहिलेलं, उड्या-बिड्या मारायच्या नाहीत म्हणून.

आणखी एक गोष्ट जी भारतातून येणाऱ्यांना माहीत पाहिजे. अमेरिकेत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, नियमच तसा आहे, आणि आपण मोटरसायकलवर उजव्या हाताने पुढचा दाबायला शिकलेलो. पहिल्याच रात्री त्याने सिग्नलला घाबरून डावा करकचून दाबला. पडला नाही, पण हबकला.

पहिले तीन महिने

आधी आलं पंक्चर. अ‍ॅरिझोनात रस्त्याकडेला गोटहेड नावाचे काटे असतात, हे दुसरंतिसरं काही नसून आपल्या रानातले सराटे, अनवाणी चालताना टाचेत घुसतात तेच. दोन्ही चाकं एकाच आठवड्यात बसली. यात सायकलचा काही दोष नाही, इथे महागड्या सायकलीही बसतात. जाड ट्यूब, आत पट्टी आणि सीलंट एवढं घातल्यावर तो विषय संपला, साधारण ४५ डॉलर गेले, आणि हे पैसे मी खालच्या हिशोबात सायकलच्या नावावर धरत नाही.

मग मागचं चाक आऊट आलं, ब्रेकची डिस्क दर फेऱ्याला खर्र खर्र घासायला लागली, तिसरा गिअर टाकला की चौथ्यात उडी. हे सगळं नव्या सायकलला होतंच, केबल ताणली जाते, स्पोक बसतात, पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये एकदा सगळं आवळून घ्यावं लागतं. त्याला हे सांगणारं कुणी नव्हतं. यूट्यूब बघून त्याने डिरेलरचे (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाचे) दोन्ही स्क्रू अंदाजाने फिरवले आणि चेन थेट स्पोकच्या बाजूला पडायला लागली.

आणि मग डावं पेडल. रोज रात्री येताना पायाखाली खट खट असा आवाज. त्याला वाटलं पेडलमधले छर्रे गेले असतील, करू नंतर. मिडटर्मच्या आठवड्यात रात्री बाराला क्रँकच निघून हातात आला, म्हणजे पायातच आला, पेडलसकट. क्रँक ज्या चौकोनी एक्सलवर बसतो तिथला बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटर एवढा आवळलेला हवा, म्हणजे लांब पान्यावर चांगला जोर लावून. तो मुळातच अर्धवट आवळलेला असणार. ढिल्या बोल्टवर तसंच चालवत राहिलं की कडक स्टीलचा चौकोन मऊ ॲल्युमिनिअमच्या भोकाला घासून गोल करतो, आणि एकदा भोक गोल झालं की बोल्ट कितीही आवळा, दोन दिवसांत पुन्हा ढिला. आवाज आला त्या दिवशी आवळला असता तर फुकटात काम होतं.

पहिला फाटा: परत करायची की दुरुस्त

परत करायची मुदत अजून शिल्लक होती. खरेदी कार्डवर होती त्यामुळे पावतीचाही प्रश्न नव्हता. रूममेट म्हणत होते दे परत, पैसे घे, दुसरी घे. सायकलच्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी नुसत्या ट्यून-अपचे ऐंशीच्या वर सांगितले आणि वरून प्रामाणिकपणे हेही सांगितलं की या सायकलवर एवढे घालवू नकोस. ती मंडळी माज करत नसतात, त्यांना माहीत असतं की एक गोष्ट नीट केली की दुसरी निघणार आणि गिऱ्हाईक त्यांच्याच नावाने बोंब मारणार. मेकॅनिक लोक या प्रकाराला किती वैतागलेत ते यावरून कळेल की २०२२ च्या सुमारास त्यांच्यातल्या अनेकांनी मिळून एक याचिका काढली होती, सायकल निदान ५०० तास तरी चालली पाहिजे असं किमान मानक ठेवा म्हणून. मागणी केवढी छोटी आहे बघा. रोज तासभर चालवणाऱ्याची ती दीड वर्षसुद्धा धड पुरत नाही.

तो वर्कशॉपमध्ये आला तो या टप्प्यावर. मी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या. परत केलीस तर पूर्ण पैसे, पण मिडटर्म संपेपर्यंत रात्री पायी, आणि एका क्रँकची सायकल सहा किलोमीटरवरच्या दुकानात न्यायची कशी ते बघ. दुरुस्त केलीस तर डाव्या क्रँकचे १८ डॉलर आणि तुझ्या दोन संध्याकाळी. त्याने दुरुस्ती निवडली. त्या वेळी मलाही तेच बरोबर वाटलं आणि आजही वाटतं, फक्त एक गोष्ट मनात ठेवून, की ती दुरुस्ती परवडली कारण मजुरीचा आकडा शून्य होता.

त्या दोन संध्याकाळी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण ही सायकल ज्यांच्याकडे आहे त्यांना उपयोगी पडेल. आधी चाकं काढली आणि एक्सल बोटांत धरून फिरवला. मागचा फिरतच नव्हता, दाणे दळल्यासारखा अडकत होता, कोन (छर्रे दाबून धरणारे नट) इतके कचकचून आवळलेले आणि ग्रीस नावाला. खोलून छर्रे पुसले, ग्रीस भरलं, कोन सैल करून असा लावला की खेळ नाही आणि घासतही नाही, याला सवय लागते, त्याला पाच-सहा वेळा करायला लावलं. मग स्पोक. दोन-दोन स्पोक बोटांत दाबून बघायचे, मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे कितीतरी नुसते लुळे होते. सगळे थोडे थोडे आवळत आऊट काढला. हँडलचा खुंटा आवळला, दोन्ही पेडल काढून आट्यांना ग्रीस लावून पुन्हा बसवली. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे विसरून जोर करणारे पुष्कळ, त्यात क्रँकचे आटे जातात. उजव्या क्रँकचा बोल्टही टॉर्क पान्याने तपासला. डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर थोडा आत वाकलेला होता, तो सरळ केला, आणि मग कुठे त्या दोन स्क्रूंना हात लावला. ब्रेकचं म्हणाल तर या स्वस्त कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर स्थिर, त्यामुळे आधी स्थिर पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणायचा आणि मग केबल ताणायची, उलटं केलं की लिव्हर हँडलला टेकतो.

यानंतर सायकल छान चालली. हे मुद्दाम सांगतोय, कारण सायकलप्रेमी लोक या सायकलींना कचरा म्हणून मोकळे होतात आणि ते पूर्ण खरं नाही. नीट जोडली आणि सपाट रस्त्यावर ठेवली तर ती रोजचे आठ किलोमीटर गुमान करत होती, पूर्ण हिवाळाभर.

दुसरा फाटा: डोंगर

जानेवारीत हवा सुंदर झाली आणि ग्रुपमध्ये साउथ माउंटनचं ठरलं. मी त्याला आधी पापागो पार्कला जा म्हटलं, टेम्पीला लागूनच आहे, लाल दगडांचे सुळके आणि मधून बऱ्यापैकी सपाट मातीच्या वाटा, स्टिकरवरच्या २ मध्ये आरामात बसतं. तो गेला, मजा आली, आणि त्यामुळेच आत्मविश्वास वाढला. पुढच्याच महिन्यात साउथ माउंटनची डेझर्ट क्लासिक. ही वाट तिथल्या सोप्यांपैकी धरतात, साधारण चौदा किलोमीटर, वर-खाली लाटांसारखी, पण दगड आहेत, ओढ्यांचे कोरडे खळगे आहेत, आणि चुकलात तर बाजूला चोया कॅक्टस हजर.

चढ जमला. उतारावर शॉकअपने रंग दाखवला, दोन दगड सलग आले की पहिल्यावर खाली बसायचा आणि उसळून वर येईपर्यंत दुसरा दगड पुढ्यात, हँडल हातातून निसटायला बघायचं. चेन सारखी उतरत होती. एका खळग्यात तो पडला, कोपर-गुडघे खरचटले, हातात चोयाचे काटे, जे कंगव्याने काढावे लागतात. हाड-बिड काही मोडलं नाही. घरी आल्यावर मागचं चाक फ्रेममध्ये डगमगायला लागलं, खोललं तर एक्सल वाकलेला.

एक्सल का वाकतो ते सांगतो, कारण इथे 'नशीब खराब' असं काही नाही. या सायकलींच्या मागच्या हबवर गिअरचा गड्डा आट्यांनी बसवलेला असतो, फ्रीव्हील. त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग गड्ड्याच्या आतल्या बाजूला राहतं आणि तिथून फ्रेमपर्यंत एक्सलचा बराच तुकडा आधाराविना. सात गिअरचा गड्डा रुंद, म्हणजे तुकडा लांब. चांगल्या सायकलीत कॅसेट असते, म्हणजे हबवर सरकवून बसवलेला गड्डा, तिथे बेअरिंग फ्रेमच्या जवळ सरकवलेलं असतं. रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही, दगडांवर दणके बसले की तोच पहिल्यांदा जातो.

आता मित्रांनी सल्ला दिला की चांगला एअर फोर्क (हवेवर चालणाऱ्या शॉकअपचा चिमटा) टाक, चाक बदल, होईल मस्त. त्याला पटलंही होतं, कारण पगार सुरू झालेला. मी त्याला बसवून एकेक भाग दाखवला. हँडल खुंट्याने बसलेलं, म्हणजे चिमट्याच्या नळीला वरून आटे, आजचे चांगले फोर्क बिनआट्याच्या नळीचे, म्हणजे हेडसेट (चिमटा ज्यावर फिरतो ती बेअरिंगं) बदला, हँडलचा स्टेम बदला. कॅसेट पाहिजे तर अख्खं चाक बदला, मग आठ-नऊ गिअरची कॅसेट घेतलीस तर शिफ्टर बदला, चेन बदला. चारशे डॉलर घालूनही फ्रेम तीच, २ आकड्याची. त्याने ऐकलं. १५ डॉलरचा चांगल्या स्टीलचा एक्सल टाकला, ब्रेक पॅड १२ डॉलरचे, सायकल परत रस्त्यावर, आणि डोंगरासाठी दोन-तीनदा मित्राची मागून नेली.

हिशोब

सायकल २१४, क्रँक १८, एक्सल १५, पॅड १२, झाले २५९. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये ती ७० ला विकली. म्हणजे वर्षभराचे १८९ डॉलर. रोज रात्री टॅक्सीने येण्याच्या मानाने काहीच नाही, आणि एवढ्यावर कुणी थांबलं तर म्हणेल चांगला सौदा. पण यात वर्कशॉपमधल्या संध्याकाळी कुठेच नाहीत. तेच काम दुकानात करून घेतलं असतं तर माझ्या अंदाजाने सायकलीच्या किमतीएवढं बिल झालं असतं. ज्या गावात असं वर्कशॉप नाही आणि स्वतःला पाना धरायचा कंटाळा आहे तिथे हा हिशोब उलटा होतो.

विकताना त्याने घेणाऱ्या मुलीला, ती कोल्हापूरची, त्याच वर्षी आलेली, स्टिकर दाखवलं, क्रँकचा बोल्ट तिच्यासमोर आवळला. स्वतःला त्याने तीनशेला एक जुनी हार्डटेल घेतली, कॅसेटवाली, एअर फोर्कची, एकोणतीस इंची. बाबांची चोरीची भीती यावेळी अशी मिटवली की विकणाऱ्याकडून आधी फ्रेमचा सिरिअल नंबर मागितला, बाइक इंडेक्स या फुकट नोंदणीच्या साइटवर तपासला, चोरीची नोंद नाही बघितल्यावर विकणाऱ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि त्याच साइटवर आपल्या नावाने चढवली.

काय वेगळं करता आलं असतं

सिरिअल नंबरची ही युक्ती ऑगस्टमध्ये माहीत असती तर सेकंडहँडचा पर्याय बादच झाला नसता. बाबांचं म्हणणं पावतीचं होतं, नवीनचं नव्हतं, आणि या दोन गोष्टी त्या फोनवर एकच होऊन बसल्या.

परत करण्याची मुदत ही माझ्या मते अशा सायकलची खरी वॉरंटी. ती त्याने हळूहळू, जपून चालवून काढली. उलट पहिल्या पंधरा दिवसांत रोज चालवायची, जो आवाज येईल तो लगेच शोधायचा, आणि चाक किंवा क्रँकमध्ये मोठं काही दिसलं तर तेव्हाच बदलून घ्यायची. दुकानातून बाहेर पडायच्या आधीही पाच मिनिटांत बरंच कळतं: कॅलिपर कुठल्या बाजूला आहे, चाक उचलून फिरवल्यावर किती डुलतं, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकलली तर हँडलच्या खुंट्यात खटका लागतो का, दोन्ही क्रँक धरून आत-बाहेर हलवले तर हलतात का. रॅकवर त्याच मॉडेलच्या चार असतात, त्यातली बरी निवडता येते.

साउथ माउंटनला जाऊ नको असं मी थेट म्हटलं नव्हतं, पापागोला आधी जा एवढंच म्हटलं होतं. विशीतल्या पोराला स्टिकरचा आकडा सांगून उपयोग नसतो, पण वाकलेला एक्सल आधीच हातात ठेवला असता, वर्कशॉपच्या भंगाराच्या डब्यात असे ढिगाने पडलेत, तर कदाचित फरक पडला असता.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. मी म्हणतो दोनशे डॉलरमध्ये शॉकअप घेणं हा तोटाच. तो म्हणतो, "दादा, माझ्याकडे तेव्हा तीनशे नव्हते, गाडी नव्हती, कुणी ओळखीचं नव्हतं, आणि मला दुसऱ्या दिवशी रात्री बाराला घरी यायचं होतं." हे त्याचं बरोबरच आहे, त्या आठवड्यात सुपरस्टोअर हाच त्याच्या आवाक्यातला दरवाजा होता. मग मी विचारलं की पुन्हा त्याच दुकानात, तेवढेच पैसे घेऊन उभा केला तर काय घेशील. जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "शेजारची. ती आजोबांची. आणि पहिल्याच दिवशी तुमच्याकडे घेऊन येईन."